दहा-नऊची पालकसभा

श्रोतेहो, नमस्कार. लेकीकडे टेक्सासला, सॅन अँटोनियोला सहा महिने राहून आले. 28 वर्षं शाळेत काढलेली, त्यामुळे तिथंही पाय नातवाच्या शाळेकडेच वळायचे. आज बोलायचंय ते तिथले मुख्याध्यापक आणि हिस्पॅनिक पालक यांच्याबद्दल. हिस्पॅनिक म्हणजे मेक्सिको, ग्वाटेमाला अशा स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांतून आलेली माणसं. काही घराणी तर टेक्सास मेक्सिकोत होतं तेव्हापासूनची. टेक्सासच्या सरकारी शाळांत निम्म्याहून जास्त मुलं यांचीच.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली आणि एक कागद घरी आला. एका बाजूला इंग्रजी, दुसरीकडे स्पॅनिश. पालकसभा: 10/9, संध्याकाळी 6. लेकीनं तो फ्रिजवर चिकटवला.

10 सप्टेंबरला लेक-जावई कामावर. मी इस्त्रीची साडी नेसून एकटीच निघाले. बघते तर शाळेला कुलूप! फाटकाशी आणखी एक जोडपं उभं, नातवाच्या वर्गातल्या मुलाचे आईवडील, मेक्सिकोचे. वडिलांच्या बुटांवर सिमेंट वाळलेलं. त्यांना इंग्रजी जेमतेम, मला स्पॅनिश शून्य. बाईनं पर्समधून तोच कागद काढला आणि 10 वर बोट ठेवलं. मी मान डोलावली. मग 9 वर बोट. मी पुन्हा मान डोलावली. शाळाच चुकली, यावर आमचं तिघांचं एकमत!

मग तिनं पिशवीतून तोर्तिया काढून हातावर ठेवली. पोळीच हो, मक्याची. फक्त त्या चांदीसारख्या कागदात गुंडाळलेली. आपल्याकडेही हल्ली डब्यात तोच कागद. पोळीला घाम फुटतो त्यात. सुती फडकं काय वाईट होतं? असो.

रात्री लेक हसत सुटली. “अगं आई, इथं महिना आधी लिहितात. सभा 9 ऑक्टोबरला आहे!” पुन्हा सांगते, 10/9 म्हणजे अमेरिकेत 9 ऑक्टोबर. आपल्याकडे 10 सप्टेंबर, आणि मेक्सिकोतही 10 सप्टेंबरच.

9 ऑक्टोबरला मी परत गेले. ते दोघं नव्हते. अर्ध्या दिवसाची मजुरी एकदा बुडाली होती, पुन्हा कोण सोडणार? हजेरीच्या यादीत त्यांच्या नावापुढं फुली. शेजारची बाई म्हणाली, “या लोकांना मुलांच्या अभ्यासाचं काही पडलेलंच नसतं.” माझ्यातली हेडबाई खडबडून जागी झाली. मोडक्या इंग्रजीत मुख्याध्यापकांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी कागद उलटून पाहिला. शब्द स्पॅनिश, तारीख अमेरिकन. ते आधी हसले, मग हसायचे थांबले.

पुढच्याच आठवड्यात दुभाषी बोलावून त्यांनी त्या दोघांना सकाळी 7 वाजता, कामावर जाण्याआधी, भेटायला बोलावलं. बाईचा पहिलाच प्रश्न होता, पोरगा मोठ्यांशी नीट बोलतो ना? गुण नंतर. स्पॅनिशमध्ये ‘एदुकासियोन’ म्हणजे नुसतं शिक्षण नव्हे, त्यात वळणही आलं. आणि शिक्षकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, हाही त्यांच्याकडचा मान. आपल्याकडे ‘मारा पण शिकवा’ म्हणून पोर मास्तरांच्या स्वाधीन करत, त्यातलाच प्रकार. शाळेला मात्र गप्प बसलेला पालक बेफिकीर वाटतो.

हे सगळं मला तिच्या पोरानं इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्याच्या गुणांचं कौतुक किती खरं, देव जाणे. म्हणून तर मुलांना दुभाषी करू नका, असं अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्यानं 2015 साली शाळांना कळवलं होतं. शिवाय चिठ्ठी स्पॅनिशमध्ये काढली की काम झालं, असंही नाही. ग्वाटेमालाच्या काही घरांत किचे भाषा बोलतात.

जानेवारीत मी निघाले तेव्हा नवा कागद आला होता. त्यात महिना अक्षरांत, दोन्ही बाजूंना. लेकीनं तो फ्रिजवर लावला. विमान कंपन्याही तिकिटावर महिना अक्षरांतच छापतात म्हणे. मी तरी माझं तिकीट तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

नमस्कार.