सूर्यावरच्या प्रोटॉनांचा माग

४ ऑगस्ट १९७२ रोजी सूर्यावर प्रचंड सौरज्वाला उसळली आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ओएसओ-७ या अमेरिकी उपग्रहाने सूर्यापासून येणाऱ्या गॅमा किरणांच्या वर्णरेषा, म्हणजे ठरावीक ऊर्जेलाच उठून दिसणारे किरण, प्रथमच टिपल्या. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील एडवर्ड चप यांच्या गटाला त्यांत २२.२३ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेची एक ठळक रेषा आढळली.

सौरज्वालेत चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा अचानक मोकळी होते आणि इलेक्ट्रॉन व प्रोटॉन अफाट वेग घेतात. वेगवान इलेक्ट्रॉनांची खबर क्ष-किरणांतून मिळते; सूर्यावर आदळणाऱ्या प्रोटॉनांचा माग मात्र मुख्यतः गॅमा किरणांवरूनच लागतो. हे प्रोटॉन कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या अणुकेंद्रकांना उद्दीपित करतात, आणि ती केंद्रके शांत होताना अनुक्रमे ४४.४ लाख व ६१.३ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण सोडतात.

चप यांच्या गटाला दिसलेल्या त्या ठळक रेषेची घडण याहून वेगळी आणि, आमच्या मते, सर्वांत विलक्षण आहे. प्रोटॉनांच्या टकरींतून सुटलेले काही न्यूट्रॉन खाली दीप्तिगोलात, म्हणजे सूर्याच्या आपल्याला दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या थरात, उतरतात, तेथील वायूत धडकत धडकत मंदावतात आणि अखेर हायड्रोजनच्या केंद्रकाशी जोडले जाऊन ड्युटेरियम (जड हायड्रोजन) बनवतात. त्या क्षणी ही रेषा उमटते. या मंदावण्यात वेळ जात असल्याने ती इतर रेषांपेक्षा दीड-दोन मिनिटे मागे रेंगाळते. हेलियम-३ हा हेलियमचा हलका प्रकारही न्यूट्रॉन गिळतो, पण गॅमा किरण सोडत नाही. त्यामुळे ही रेषा किती झपाट्याने मावळते यावरून दीप्तिगोलातील हेलियम-३ चे प्रमाण अजमावता येते.

२३ जुलै २००२ च्या सौरज्वालेत रेसी या यानाने याच रेषेचे चित्र घेतले, तेव्हा गॅमा किरणांचा उगम क्ष-किरणांच्या उगमापासून सुमारे १५,००० किलोमीटर बाजूला निघाला. एकाच ज्वालेतले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन निरनिराळ्या ठिकाणी का आदळावेत, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

पुढे फर्मी या अवकाशातील गॅमा किरण दुर्बिणीने ७ मार्च २०१२ च्या ज्वालेनंतर १० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा अधिक ऊर्जेचे गॅमा किरण सुमारे २० तास नोंदवले, म्हणजे ज्वाला विझून गेल्यानंतरही कितीतरी वेळ. १ सप्टेंबर २०१४ रोजी तर ज्वाला सूर्याच्या पलीकडच्या, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूस उसळली होती, तरी हे किरण येऊन पोहोचले. सूर्यातून बाहेर फेकल्या गेलेल्या द्रव्याने निर्माण केलेली आघात-तरंगाची आघाडी प्रोटॉनांना वेग देते आणि त्यांतले काही चुंबकीय रेषांवरून सूर्याच्या आपल्याकडील बाजूवर परत येऊन आदळतात, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते मात्र ते प्रोटॉन किरीटातल्या (सूर्याच्या बाह्य वातावरणातल्या) मोठमोठ्या चुंबकीय कमानींतच अडकून पडलेले असतात.