नवा टीव्ही, जुनी वायर: फोर-के घेऊनही चित्र फुसकं का दिसतं?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली टीव्हीबद्दल इतके प्रश्न आलेत की प्रत्येकाला लिहीत बसण्यापेक्षा सरळ समोर बसून बोलते. त्यातला एक प्रश्न तर आपल्या बेळगाव भागातल्या खानापूर, वडगाव, निपाणी, पलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगड, सगळीकडून आलाय: "ताई, ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला, पण जुन्या टीव्हीपेक्षा चित्र फुसकं दिसतंय. टीव्ही खराब लागला काय?"

नाही. बहुतेक वेळा टीव्ही चांगला असतो. त्याच्यावर येतेच, पण ज्यांनी अजून घेतला नाही त्यांच्यासाठी आधी खरेदीचं पटकन उरकते.

साइज. सोफ्यापासून भिंत सहा-सात फूट असेल तर ४३ इंच भरपूर. आठ-नऊ फूट असेल आणि बजेट बसत असेल तर ५५. इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, म्हणून ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटीमीटर रुंद भरतो. आपल्याकडं जुन्या घरात भिंतीतच शोकेस असते, तिथं टीव्ही बसवायचा असेल तर दुकानात जायच्या आधी टेप लावून बघा की. रॅम दोन जीबी तरी हवी, नाहीतर वर्षभरात रिमोट दाबून वाट बघत बसावं लागतं. आणि खोक्यावर नुसतं 'अँड्रॉइड' लिहिलंय म्हणून घेऊ नका. गूगल टीव्ही असं स्पष्ट हवं, आणि दुकानात चालू करून प्ले स्टोअर उघडून बघायचं. ते नसेल तर नेटफ्लिक्ससारखी ॲप्स एकतर येत नाहीत, आली तर एचडीत चालत नाहीत. एचडीएमआयची, म्हणजे बॉक्स वगैरेची चपटी वायर खोचायची, भोकं तीन असली तर उत्तम.

किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झालाय. म्हणजे कर धरून ३२,००० ला मिळणारा टीव्ही, मूळ भाव तोच राहिला तर, २९,५०० ला यायला हवा. बिलात कराची ओळ वाचा. "कोल्हापूरला स्वस्त मिळेल काय?" असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. २०१७ च्या आधी दोन राज्यांचे कर वेगळे होते, तेव्हा सीमा ओलांडून जाण्यात अर्थ होता. आता जीएसटीचा दर इकडं बेळगावात तोच, तिकडं कोल्हापुरात तोच. फरक पडेल तो दुकानदाराच्या सवलतीचा. त्यापेक्षा तुमच्या पिनकोडला कंपनीचा माणूस बसवायला आणि दुरुस्तीला येतो का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा.

बस्स. आता मुख्य गोष्ट.

[लाल-पांढरी-पिवळी वायर कॅमेऱ्यासमोर धरते]

ही वायर बघा. तीन पिना, लाल, पांढरी, पिवळी. ही तुमच्या नव्या टीव्हीला लागलेली असेल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे.

माझ्या मामींकडं, खानापूरच्या बाजूला, नवा टीव्ही आला. बसवायला आलेल्या मुलानं भिंतीवर स्टँड ठोकला, टीव्ही टांगला, आणि जुन्या टीव्हीची हीच वायर तिथं लोंबत होती ती खोचून दिली. चित्र आलं, सही घेतली, गेला. मामी पंधरवडाभर सगळ्यांना सांगत होत्या की जुनाच टीव्ही बरा होता. त्यांनी साठवलेल्या पैशातून घेतलेला टीव्ही, आणि तो आवडत नाही म्हणून त्यांना वाईट वाटत होतं. मला याचा खरंच राग येतो. एक एचडीएमआय वायर दीड-दोनशे रुपयांना मिळते. बसवणाऱ्यानं एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

या पिवळ्या पिनेतून चित्र जातं ते जास्तीत जास्त ५७६ ओळींचं. तुमचा सेट टॉप बॉक्स एचडी असला, चॅनल एचडी असलं, तरी पिवळ्या पिनेत शिरलं की ते ५७६ वर येतं. त्याच्या पुढं ती वायर जातच नाही. आता हिशोब बघा. जुन्या दर्जाचं, म्हणजे एसडी चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे चार लाख चौदा हजार ठिपके. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके. भागाकार करा, बरोब्बर २० येतात. म्हणजे आलेल्या एका ठिपक्याच्या जागी टीव्हीला २० ठिपके भरायचेत, त्यातले १९ अंदाजानं. चेहरे मेण लावल्यासारखे दिसणार नाहीत तर काय? तेच एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८० चं चित्र आलं तर एकाच्या जागी फक्त चार. पडदा तोच, बॉक्स तोच, पण २० आणि ४. जुन्या २१ इंची डब्यावर हेच चित्र बरं दिसायचं, कारण पडदाच लहान होता.

म्हणून पहिलं काम: ही तीन रंगांची वायर काढा आणि एचडीएमआय लावा. रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून ज्या भोकात वायर खोचलीय तो नंबर निवडा.

इथं एका काकांची कमेंट आली होती, दुकानदारानं सोन्याचा मुलामा दिलेली हजार-दीड हजारांची वायर घ्यायला लावली. काका, सेट टॉप बॉक्ससाठी त्याची काही गरज नाही. दीड-दोन मीटरची साधी, चांगल्या बांधणीची वायर तेच चित्र देते. वायर खराब असेल तर चित्र तुटतं, ठिपके चमकतात किंवा पडदा काळा पडतो. महाग वायरीनं रंग काही जास्त खुलत नाहीत.

आता दुसरी बाजू, आणि इथं निम्मे लोक अडकतात. एचडीएमआय लावली, तरी चित्र तसंच. का? कारण बॉक्सला कुणी सांगितलंच नाही. बॉक्सचा रिमोट घ्या, टीव्हीचा नव्हे, बॉक्सचा. मेनू, सेटिंग, मग व्हिडिओ, डिस्प्ले किंवा टीव्ही सेटिंग, प्रत्येक बॉक्सवर नाव थोडं वेगळं. तिथं रिझोल्यूशन, म्हणजे चित्राच्या ओळींचा आकडा, दिसेल. ५७६ असेल तर १०८० करा. १०८०आय आणि १०८०पी दोन्ही दिसले तर कुठलंही चालेल, एचडी चॅनलं तशीही १०८०आय मध्येच येतात. बदलल्यावर पडदा क्षणभर काळा होतो, घाबरून प्लग ओढू नका. तिथंच चित्राचा आकार पण बघा, ४:३ असेल तर १६:९ करा.

तिसरी बाजू, चॅनल. वायर बरोबर, सेटिंग बरोबर, पण तुम्ही बघताय एसडी चॅनल. मग फरक कुठनं पडणार? त्याच वाहिनीचं एचडी चॅनल वेगळ्या नंबरवर असतं आणि त्याचे पैसे वेगळे. बॉक्स मुळात एसडीचाच असेल तर एचडी चॅनल लागणारच नाही, आधी बॉक्स बदलून घ्यावा लागेल. म्हणजे वायर, बॉक्सचं सेटिंग, चॅनल, या तिन्हीतलं एक जरी ५७६ वर अडकलं तरी पडद्यावर ५७६ च.

आणि चॅनलांवरनं आठवलं. आपल्या भागात हा खास त्रास आहे. पत्ता कर्नाटकाचा म्हणून कनेक्शन देणारा कन्नड पॅक लावून मोकळा होतो, मग मराठीसाठी वर दुसरा पॅक. आमच्या घरी बाबांना कन्नड बातम्या लागतात, आजीला मराठी मालिका, दोन्ही हवंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे टीव्ही-फोन सेवांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमानं चॅनल सुटं निवडता येतं. घरात जी चार-पाच चॅनलं रोज लागतात, तेवढीच एचडीत घ्या, बाकीची एसडीत राहू द्यात. 'सुटं मिळत नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, चॅनलचा नंबर सांगून मागा.

डीडी फ्री डिशवाल्यांसाठी. मराठी सह्याद्री आणि कन्नड चंदना दोन्ही फुकट दिसतात, छान आहे, पण तिथली बहुतेक चॅनलं एसडी आहेत. म्हणून मोठ्या फोर-के टीव्हीवर मऊ चित्र दिसलं तर टीव्हीला दोष देऊ नका. घरात फक्त फ्री डिशच बघणार असाल तर माझं स्पष्ट मत, ३२ इंच घ्या आणि पैसे वाचवा.

वायफायचं थोडक्यात. राउटरवर दोन नावं दिसतात, २.४ आणि ५. पाच वेगवान, पण जाड भिंतीत दम तोडतं, आणि आपल्याकडच्या जांभ्या दगडाच्या, मातीच्या भिंती चांगल्याच जाड असतात. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर ५, मधे भिंत असेल तर २.४. फोर-के बघायला नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस वेग सांगतं, साध्या फुल एचडीला ५. त्यामुळं १०० चा प्लॅन घेऊन पण अडकत असेल तर प्लॅन वाढवू नका, राउटरची जागा बदला. जमलं तर राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन वायरच ओढा.

साउंडबार, म्हणजे आवाजाची वेगळी पट्टी, असेल तर ज्या एचडीएमआय भोकावर एआरसी लिहिलंय त्यातच लावायचा. बॉक्स कुठल्याही दुसऱ्या भोकात.

पहिल्यांदा चालू करताना टीव्ही 'होम की स्टोअर' असं विचारतो. बसवणारा घाईत स्टोअर, म्हणजे दुकानात मांडायचं सेटिंग, दाबतो, मग चित्र डोळ्याला टोचतं आणि तुम्ही रंग कमी केले तरी पुन्हा पहिल्यासारखे होतात. सेटिंगमध्ये जाऊन होम करा.

आणि एप्रिल-मे मध्ये वळीव सुरू झाला, आभाळ भरून आलं की गडगडायच्या आधीच प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा. नुसता प्लग काढून उपयोग नाही, वीज छतावरच्या छत्रीच्या वायरीतूनही येते. बाबांच्या रिपेअरिंगच्या दुकानात दर उन्हाळ्याच्या शेवटी असे बोर्ड जळालेले टीव्ही येतात आणि बऱ्याच वेळा दुरुस्तीचा खर्च ऐकून माणसं गप्प बसतात. घराला अर्थिंग नीट आहे का, हे पण एकदा वायरमनकडून बघून घ्या.

आता एक करा. व्हिडिओ थांबवा, टीव्हीच्या मागं बघा, कुठली वायर आहे. मग बॉक्सचं सेटिंग उघडा आणि तिथं ५७६ आहे की १०८० ते कमेंटमध्ये लिहा, सोबत बॉक्सचं मॉडेल. सेटिंग सापडत नसेल त्यांच्या मॉडेलचा मेनू पुढच्या व्हिडिओत पडद्यावरच उघडून दाखवते.