टेबलाभोवती कोण नव्हतं?

श्रोते हो, नमस्कार.

फेब्रुवारी २००२. श्रीलंकेचे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे आणि स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीईचा, म्हणजे तमिळ वाघांचा, प्रमुख प्रभाकरन यांनी शस्त्रसंधीवर सह्या केल्या. दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून. मध्यस्थ होता नॉर्वे. त्याच वर्षी डिसेंबरात, ऑस्लोच्या बैठकीत, संघराज्याच्या चौकटीत तोडगा शोधायचं दोन्ही बाजूंनी मान्यही केलं. आणि तरीही २००९च्या मे महिन्यात प्रश्नाचा निकाल लागला तो रणांगणावर.

हे असं का झालं? दोष नॉर्वेच्या माथी मारणं सोपं आहे. मला विचाराल तर, चर्चेला कोण बसलं यापेक्षा कोणाला बसवलंच नाही, ते आधी पाहावं. राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा विरोधी पक्षाच्या, पण सेनादलांच्या सरसेनापती त्याच. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांनी संरक्षणासह तीन खाती सरळ ताब्यात घेतली आणि पंतप्रधानांच्या हातातली बोलणी लुळी पडली. मुस्लिमांना तर वाघांनी १९९० मध्ये उत्तरेतून हाकलून दिलं होतं. त्यांचं स्वतंत्र शिष्टमंडळ बोलण्यांत कधीच नव्हतं. खुद्द वाघांनीही एप्रिल २००३ मध्ये अंग काढून घेतलं. निमित्त होतं वॉशिंग्टनमधल्या मदतदारांच्या बैठकीचं. अमेरिकेत त्यांच्यावर बंदी, त्यामुळे आमंत्रण नाही.

नॉर्वेच्या हाती ना सैन्य, ना दंड. नॉर्डिक निरीक्षक शस्त्रसंधीचे भंग नोंदवत राहिले, एवढंच. २००६ मध्ये युरोपीय संघानेही वाघांवर बंदी घातली, तेव्हा वाघांच्या हट्टापायी स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडची माणसं परतली. उरले नॉर्वे आणि आइसलँड.

पण नुसत्या ताकदीनेही भागत नाही, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार? १९८७ चा करार भारत आणि श्रीलंका या दोन सरकारांचा. त्यावर वाघांची सही नव्हती. जुलैत करार झाला, आणि ऑक्टोबरात आपली शांतिसेना त्यांच्याशीच लढत होती.

नॉर्वे पुढे कोलंबियाचं सरकार आणि फार्क बंडखोर यांच्या चर्चेत क्युबाबरोबर हमीदार झाला. तिथे हिंसेची झळ सोसलेल्या साठ जणांना हवानाला बोलावून वाटाघाटी करणाऱ्यांसमोर बसवलं गेलं. तरी ऑक्टोबर २०१६ च्या सार्वमतात करार निसटत्या फरकाने पडलाच! मग विरोधकांच्या आक्षेपांवर पुन्हा चर्चा झाली, मसुदा बदलला आणि नोव्हेंबरअखेर संसदेने त्याला मंजुरी दिली.