काठी नष्ट होते, नोंद राहते

(तालुक्याच्या वाचनालयातल्या व्याख्यानमालेत केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

आधी पोस्टर छापणाऱ्याचे आभार मानतो. वर माझा फोटो, फोटोखाली माझं नाव आणि नावाला चिकटून ठळक अक्षरांत ‘गुन्हेगारी नोंदी’. सकाळपासून पक्षकारांचे फोन येतायत, “वकीलसाहेब, काय झालं? जामीन राहू का?” मी म्हटलं, जामीन नंतर बघू, तूर्त संध्याकाळी सहाला येऊन बसा. बसलेत, ते बघा मागच्या रांगेत. जामीनदार नेहमी मागेच बसतो.

विषय दिलाय तो असा: गुन्ह्याच्या नोंदी कोण ठेवतं आणि त्या कोण पाहू शकतं. त्यावर येतोच. पण त्याआधी एका काठीबद्दल बोलायचंय. कोर्टाच्या आवारात मला ओळखतात त्यांना कळलं असेल की आता हा थांबत नाही.

एका मुलाची हकिकत आहे. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपा करून मान डोलवू नये. चुलत्याशी बांधाचा वाद. तो कसा असतो हे या सभागृहात सांगणं म्हणजे कोल्हापूरकराला तांबडा रस्सा समजावण्यासारखं आहे. नांगर वीतभर पलीकडे गेला, शिव्या झाल्या, कुणीतरी काठी उचलली. आता आपल्याकडे फिर्याद लिहून देण्याची एक रीत आहे. भांडणात होते त्यांची नावं येतातच, पण घरात जो शिकतोय त्याचं नाव आवर्जून येतं. म्हाताऱ्यावर केस झाली तर त्याचं काय बिघडणार? पोराची नोकरी अडली पाहिजे! हा मुलगा त्या दिवशी आयटीआयच्या वर्गात होता, हजेरीपटावर तशी नोंद आहे. तरी आरोपी नंबर चार. कलमं जुन्या भादंविची: ४४७, ३२३, ५०४, ५०६ आणि शेपटीला ३४. म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं, साधी मारहाण, अपमान, धमकी, आणि हे सगळं सगळ्यांनी एकाच इराद्याने केलं.

पुढे आजी वारली. दहाव्याला दोन्ही घरं नदीवर समोरासमोर आली, कावळा शिवेना, आणि कुणीतरी म्हणालं की म्हातारीचा जीव या केसमध्येच अडकलाय. ताबडतोब समेट. कावळ्याने जे केलं ते आम्हा दोन्ही बाजूंच्या वकिलांना जमलं नव्हतं. मग लोकअदालतीत सह्या झाल्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२० कलमात, जे आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५९ झालंय, स्वच्छ लिहिलंय की अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा. आदेश निघाला: आरोपींना मुक्त करण्यात येते. जामीनपत्रे रद्द. आणि शेवटी, जप्त मुद्देमाल काठी किरकोळ किमतीची असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावी. तडजोडीवर अपील कोण करणार, हे विचारू नका. नमुन्यात आहे, म्हणून येतं.

त्या काठीची कोर्टाने काळजी घेतली, हे लक्षात ठेवा.

मुलाला चाकणला एका कंपनीत काम मिळालं. कंपनीने चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. ऑनलाइन अर्ज केला, फी भरली, दाखला आला. त्यावर शेरा: गुन्हा रजिस्टर नंबर अमुक, न्यायप्रविष्ट. न्यायप्रविष्ट! काठी जळून राख झाली आणि केस अजून चालू.

मी आदेशाची नक्कल घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. कोणतं ते सांगत नाही, सगळी माणसं चांगली होती. चहा आला. ठाणे अंमलदार म्हणाले, आमच्याकडे कोर्टाचा निकाल आलाच नाही. कोर्टाच्या पैरवीवर, म्हणजे ठाण्याच्या केसेसचा कोर्टात पाठपुरावा करायला असलेले हवालदार म्हणाले, मी या कामावर नवीन, जुन्यांची बदली झाली. कोर्टातले कारकून म्हणाले, आम्ही निकाल जाहीर करतो, पोलिसांनी येऊन टिपून घ्यायचा. जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो तर ते म्हणाले, संगणकात दुरुस्ती ठाण्यानेच करायची असते. म्हणजे पुन्हा ठाणं, पुन्हा चहा. यातला प्रत्येकजण खरं बोलत होता, हे माझं खरं दुखणं आहे. एखादा खोटं बोलला असता तर मी त्याच्याविरुद्ध अर्ज तरी दिला असता.

आता ही भानगड का होते ते बघा. २००९ मध्ये केंद्राने सीसीटीएनएस मंजूर केलं, देशभरातली पोलीस ठाणी एका संगणकजाळ्यात आणणारी योजना. त्यात गुन्ह्याच्या माहितीचे एकात्मिक नमुने आहेत, एकूण सात. पहिला प्रथम खबरी अहवालाचा. मग घटनास्थळ, अटक, जप्ती, दोषारोपपत्र किंवा अंतिम अहवाल. सहावा नमुना कोर्टाच्या निकालाचा, सातवा अपिलाच्या निकालाचा. म्हणजे आखणाऱ्याने विचार केला होता, त्याला दोष नाही. पण पहिला भरल्याशिवाय गुन्हाच दाखल होत नाही, म्हणून तो भरला जातो. पाचवा भरला नाही तर वरचे साहेब विचारतात. सहावा भरला नाही तर कुणाचंच काही अडत नाही. अडतं फक्त आरोपी नंबर चारचं.

शेवटी दुरुस्ती झाली. नवा दाखला आला: गुन्हा दाखल होता, न्यायालयातून मुक्तता. कंपनीतल्या बाईंनी वाचून विचारलं, “पण केस होती ना?” जागा भरली गेली होती. मुलगा आता गावातच मोटारी रिवाइंड करतो. माझ्या विहिरीवरचा पंपही तोच बघतो आणि पैसे घेत नाही, त्यामुळे मला जास्तच लाजल्यासारखं होतं.

माझी मागणी एवढीच आहे, आणि ती मी बार असोसिएशनच्या प्रत्येक स्नेहभोजनात मांडतो. तिथे लोक जिलबी खात ऐकून घेतात. ज्या आदेशात काठीची विल्हेवाट लिहिता, त्यातच पुढचं वाक्य लिहा: संबंधित पोलीस ठाण्याने अमुक दिवसांत निकालाची नोंद घेऊन तसा अहवाल या न्यायालयात द्यावा. एक वाक्य. त्याला नवा कायदा नको, समिती नको.

(सभागृहातून प्रश्न: साहेब, बोटांचे ठसे घेतात, त्याचं काय?)

बरं विचारलंत. बोटांच्या ठशांचा जगातला पहिला ब्युरो लंडनला नाही, १८९७ मध्ये कलकत्त्याला निघाला. ठशांचं वर्गीकरण बसवण्याचं डोकं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी लावलं, पद्धतीला नाव मात्र साहेबाचं, हेन्री. त्याच्याही आधी, १८५८ मध्ये, बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने एका माणसाच्या हाताचा ठसा करारावर घेतला. तो माणूस चोर नव्हता. रस्त्याला खडी पुरवणारा ठेकेदार होता! सरकारची दूरदृष्टी बघा. (हशा) समोर बसलेल्या ठेकेदार मित्रांनी मनावर घेऊ नये.

पण हसून सोडून देण्यासारखा हा इतिहास नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवा. पारधी, कैकाडी, आणखी कितीतरी जमाती. तिथे नोंद व्हायला गुन्हा लागतच नव्हता, जन्म पुरे होता. हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये कायदा रद्द केला, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून तो विमुक्त दिन. पण कायदा रद्द झाला तरी ठाण्यातली वही आणि ती वाचणारी नजर तिथेच राहिली. घरफोडी झाली की पहाटे गाडी कुठल्या वस्तीवर जाते, मी सांगायला नको. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीटच्या, म्हणजे पोलीस ज्याच्यावर नजर ठेवतात त्याच्या नोंदीच्या, प्रकरणात सांगितलं की मागास आणि वंचित समाजातल्या निरपराध माणसांच्या अशा नोंदी यांत्रिकपणे होत नाहीत ना, हे राज्यांनी तपासावं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. २०२४ मध्ये! १८७१ पासून मोजा.

चिठ्ठी आली. “दहा मिनिटे.” अक्षर अध्यक्षांचं आहे, म्हणजे सात. तर मुख्य विषय.

प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार तो साधारण चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं वगळून. म्हणजे तुमच्यावरचा आरोप तुमच्या व्याह्यांनाही वाचता येतो. दोषारोपपत्र मात्र तसं नाही. ते आरोपीला मोफत मिळतं, पण संकेतस्थळावर सरसकट टाकता येणार नाही, असं २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं. यातली गंमत बघा: आरोप जगाला दिसतो, आणि तपासात काही सापडलं नाही तर ते दिसत नाही. पोलिसांनी अ, ब किंवा क समरी पाठवली, म्हणजे अनुक्रमे गुन्हा खरा पण शोध लागला नाही, फिर्याद मुद्दाम खोटी, किंवा गैरसमजातून अथवा दिवाणी स्वरूपाची, तर ते कळायला कोर्टात अर्ज करून नक्कल काढावी लागते. हिस्ट्रीशीट पोलिसांचा अंतर्गत कागद, तो जाहीर करायचा नसतो.

ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या संकेतस्थळावर, पक्षकाराच्या नावाने कुणीही शोधू शकतं. पडताळणी करणाऱ्या खासगी एजन्सीज हेच करतात. आता नाव दत्तात्रय, आडनाव जाधव, आणि इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीवर. कुणाची केस कुणाच्या गळ्यात पडेल सांगता येत नाही. वडिलांचं नाव आणि पत्ता ताडून बघा, असं कंपनीला लेखी कळवा.

ठसे, फोटो, डोळ्यांची मापं: २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा. ही मापं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ७५ वर्षं ठेवू शकतो. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर निर्दोष ठरला तर ती नष्ट करायची, न्यायालयाने कारण देऊन ठेवायला सांगितलं नसेल तर. म्हणजे खोडायची सोय कायद्याला सुचते, पण ती मापांपुरती. इंग्लंडमध्ये १९७४ पासून कायदा आहे, ठरावीक काळ सरळ वागलात की बऱ्याच शिक्षा बहुतेक कामांसाठी इतिहासजमा. तसा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही.

आहे ते मुलांसाठी. बाल न्याय कायदा, २०१५: अठराच्या आतल्या मुलाला दोषी ठरल्याने पुढे अपात्रता येत नाही, सोळा ते अठरामधल्या, प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा अपवाद सोडून. आणि प्रकरण संपलं असेल तर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद सांगायचीच नाही, असं ७४ व्या कलमात आहे. ठाण्यात हे कलम दाखवावं लागतं, दाखवा.

पासपोर्ट: नुसत्या एफआयआरने अडत नाही. खटला कोर्टात प्रलंबित असेल तर कोर्टाची परवानगी आणावी लागते. लॉकडाऊनमध्ये १८८ कलमाखाली, म्हणजे सरकारी आदेश मोडला म्हणून, दूध आणायला गेलेल्या पोरांवरही गुन्हे झाले आणि मग पासपोर्ट, नोकऱ्या अडू लागल्या, तेव्हा २०२२ मध्ये राज्य सरकारने ते मागे घ्यायचं जाहीर केलं. तुमचा त्यात होता का, मागे घेतला गेला का, बघून घ्या. जाहीर होणं आणि सहावा नमुना भरला जाणं, मधलं अंतर तुम्हाला आता माहीत आहे.

उमेदवारांनी प्रतिज्ञापत्रात खटले लिहायचे, वर्तमानपत्रात छापायचे. छापून ते निवडूनही येतात. वॉचमनच्या नोकरीला मात्र... असू दे, व्यासपीठावर माजी नगरसेवक आहेत.

शेवटचं. अर्जात ‘आपल्यावर गुन्हा दाखल झाला होता का’ असं विचारलं असेल तर सुटलो म्हणून ‘नाही’ लिहू नका. ‘होता, अमुक तारखेला मुक्तता’ असं लिहा आणि नक्कल जोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात म्हटलंय की खरं सांगितलं असेल तर मालकाने गुन्ह्याचं स्वरूप बघून विचार करावा. लपवलं तर किरकोळ केसही नोकरी घालवू शकते.

निकालाची नोंद घ्यावी म्हणून ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना द्यायच्या अर्जाचा नमुना मी ग्रंथपालांकडे ठेवलाय. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. झेरॉक्स समोरच्या दुकानात निघते, ते साडेआठला बंद होतं. आणि मूळ प्रत कृपया परत ठेवा. मागच्या वेळी ठेवली होती ती कुणीतरी घेऊन गेलं, आणि वाचनालयाने त्याची नोंद केलेली नाही.