थडग्यात नाणं सापडलं म्हणजे तारीख सापडली का?

समजा रशियातल्या व्होल्गा नदीच्या काठच्या गवताळ मैदानात भटक्या लोकांच्या थडग्याचं एक टेकाड खणलंय. आत माणसाचा सांगाडा, शेजारी घोड्याची कवटी आणि पायांची हाडं, एक लोखंडी रिकीब, आणि हाताजवळ चांदीचं नाणं. नाण्यावर उझबेक खानाचं नाव (गोल्डन होर्ड या तिथल्या मंगोल राज्याचा राजा), टाकसाळ सराय, म्हणजे त्याची राजधानी, हिजरी साल ७३४. म्हणजे इसवी सन १३३३-३४. झालं की काम!

तर नाही ना. त्या साली नाणं पाडलं, माणूस त्याच साली गेला असं कुठे लिहिलंय? नाणं फक्त एवढंच सांगतं की हे दफन त्याच्या आधीचं असू शकत नाही. पुढे पाच वर्षांनी की पन्नास वर्षांनी, त्यावर ते गप्प. आणि नाण्याला भोक पाडलेलं असेल तर अजून वांधा, कारण मग ते पैसा राहिलं नाही, दागिना झाला. आपल्याकडे पुतळ्यांची माळ आजीकडून नातीकडे जाते तसंच ते कितीही काळ गळ्यात फिरलेलं असू शकतं.

मग करायचं काय? तर एका वस्तूवर विसंबायचंच नाही, कुठल्या वस्तू एकत्र येतात ते बघायचं. गेर्मान फ्योदोरोव-दाविदोव नावाच्या सोव्हिएत पुरातत्त्वज्ञाने १९६० च्या दशकात हेच केलं, ढीगभर थडग्यांतल्या रिकिबी, लगाम, कानातले असं सगळं आकारांनुसार लावत बसला (चिकाटी बघा माणसाची). त्यातून दिसलं काय, की घोड्याच्या तोंडातली लगामाची सळई एकसंध, मधे सांधा नाही, अशी असेल तर थडगं बहुतेक जुनं, मंगोलांच्या आधीच्या पेचेनेग नावाच्या भटक्या लोकांच्या काळातलं, १०वं-११वं शतक. रिकिबीला वर पट्टा अडकवायला वेगळी कडी असेल तरी जुनं, पण कमानीतच खाच पाडलेली आणि खाली पाय टेकायला रुंद पट्टी असेल तर नंतरचं. प्रश्नचिन्हाच्या आकाराचे कानातले मिळाले की बहुधा गोल्डन होर्डचा काळ. आणि बाईच्या डोक्याशी भूर्जाच्या सालीची उंच नळकांड्यासारखी टोपी मिळाली तर मंगोल आल्यानंतरचंच समजा, म्हणजे साधारण १२४० च्या पुढचं. ही टोपी रुब्रुकचा विल्यम नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने १२५३ ते ५५ च्या प्रवासात स्वतः बघून लिहून ठेवलीये.

पण या आकारांना तारखा कुठून मिळाल्या? मुख्यतः नाण्यांवरून, आणि नाणी खोऱ्याने सापडतात ती शहरांत. इथे मला गंमत वाटते, भटक्यांच्या थडग्यांचं घड्याळ लावायला शहरांची मदत लागते! सराय म्हणजे आजच्या आस्त्राखानजवळचं सेलित्रेन्नोये. १३३० च्या दशकात इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी या सरायमध्ये राहून गेला, तोच जो पुढे आपल्या दौलताबादलाही आला. तो म्हणतो की तिकडचे घोडे हजारोंनी हिंदुस्थानात विकायला जायचे, आणि व्होल्गाच्या भागात दिल्लीच्या सुलतानांचे सोन्याचे टंकेही मिळालेत, त्यामुळे थाप मारत नव्हता बुवा.

नाण्यांचा खरा फायदा कुठे होतो तर गोंधळाच्या काळात. १३५९ ते १३८० या वीसेक वर्षांत तिथे खानांची रांगच लागली, कुल्पा, नौरुझ, खिद्र, एकेक जण काही महिने ते साधारण वर्षभर टिकला आणि मारला गेला. पण गादीवर बसल्या बसल्या प्रत्येकाने आपल्या नावाची नाणी पाडली! राज्याची वाट लागली आणि आमची सोय झाली. चुलीच्या राखेखाली नौरुझचं नाणं मिळालं तर ती राख १३६० च्या आधीची नाही, सरळ हिशोब.

सरळ म्हटलं खरं, पण शहरात कोणीतरी कचऱ्याचा खड्डा खणतो आणि नवं नाणं जुन्या थरात जाऊन पडतं. सेलित्रेन्नोयेच्या तर विटासुद्धा उपसून आस्त्राखानच्या बांधकामाला नेल्या. म्हणून खड्ड्यातलं काय आणि जमिनीवरचं काय हे खणतानाच वेगळं करावं लागतं, नंतर ऑफिसात बसून ते जमत नाही.

आता सगळ्यात कटकटीचा भाग. उझबेक खानाने इस्लाम स्वीकारला आणि हळूहळू भटक्यांच्या थडग्यांतल्या वस्तूच गायब होत गेल्या. ना घोडा, ना रिकीब, फक्त माणूस, तोंड मक्केकडे. मग रिकिबीचे आकार घेऊन काय करणार? मग रेडिओकार्बन, म्हणजे हाडातल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत. तिथेही एक भानगड आहे, व्होल्गाकाठचा माणूस नदीचे मासे खायचा आणि माशांमधला कार्बन बऱ्याचदा मुळातच जुना असतो, त्यामुळे त्याचं हाड खऱ्यापेक्षा जुनं वय दाखवू शकतं. घोडा मात्र गवत खातो. म्हणून जिथे थडग्यात दोघंही आहेत तिथे माणसासोबत घोड्याचंही हाड लॅबला पाठवतात, आणि दोन तारखा जुळल्या नाहीत तर विश्वास घोड्यावर.