परत आलेली तबकडी: 'मेटल मशीन म्युझिक' ऐकायचं कसं

[दृश्य: टर्नटेबल, वरून. सुई चौथ्या बाजूच्या आतल्या कडेला. तबकडीचाच आवाज.]

सुई शेवटाला आली आहे. एरवी इथे संगीत संपलेलं असतं आणि सुई रिकाम्या खाचेत खरखर करत गोल फिरत राहते. या तबकडीची शेवटची खाच मात्र रिकामी नाही. तिच्यातही आवाज कोरला आहे. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. तेवढाच तुकडा परत, परत, परत. कुणीतरी उठून सुई उचलेपर्यंत हे चालतं. म्हणूनच लेबलवर या बाजूच्या वेळेशेजारी अनंताचं चिन्ह छापलं आहे.

टर्नटेबल ऑटोमॅटिक असेल तर हे कधीच ऐकू येणार नाही. शेवट आला की त्याचा हात आपण होऊन उठतो. या बाजूसाठी साधं, हाताने चालवायचं टर्नटेबलच हवं.

[दृश्य: कव्हर. कॅमेरा चेहऱ्यावरून हळूहळू खाली.]

अमेरिकन रॉक गायक-गिटारवादक लू रीडचा 'मेटल मशीन म्युझिक' हा अल्बम आरसीए कंपनीने जुलै १९७५ मध्ये काढला. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूवर वेळ लिहिली आहे १६:०१. गाणं नाही, शब्द नाहीत, ठेका नाही. आदल्याच वर्षी रीडचा 'सॅली कान्ट डान्स' अमेरिकेच्या यादीत पहिल्या दहात गेला होता. आणि हे कव्हर बघा: काळा चष्मा, लेदर, स्टेजवरचा उजेड. घेणाऱ्याला वाटणारच, की मैफलीचं रेकॉर्डिंग असेल. माल एक, वेष्टन दुसऱ्याच मालाचं. लोकांनी तबकड्या दुकानात परत आणून दिल्या आणि तीन आठवड्यांत अल्बम बाजारातून उठला.

कंपनीशी असलेला करार मोडायला केलेली खोडी, असा शिक्का त्यावर बसला तो बसलाच. रीडनेही वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगून गोंधळात भरच घातली. तेव्हा त्याच्या मनात काय होतं हा प्रश्न बाजूला ठेवू. खोलीत काय होतं ते बघू.

[दृश्य: स्टँडवर गिटार, समोर व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. जवळ कुणीच नाही. तारा थरथरताहेत.]

गिटारला हात लागलेला नाही, तरी ती वाजते आहे. स्पीकरमधून आवाज निघतो, हवेतून तारांवर आदळतो, तारा हलतात. तारांखाली बसवलेला पिकअप ती हालचाल विजेत बदलतो, अ‍ॅम्प्लिफायर ती मोठी करतो आणि स्पीकर पुन्हा हवेत सोडतो. एका फेरीत जेवढं वाया जातं त्याहून जास्त भर अ‍ॅम्प्लिफायरने घातली, की चक्र आपल्याआप चालू राहतं. हाच फीडबॅक. या अल्बमचा सगळा कच्चा माल हाच: वेगळ्या सुरांत लावलेल्या गिटारी, प्रचंड मोठ्या आवाजातले अ‍ॅम्प्लिफायर, आणि समोर टेप रेकॉर्डर. सिंथेसायझर नाही, हे तर कव्हरवरच बजावून सांगितलंय.

[दृश्य: खुंट्या. बोटं एकेक तार उतरवताहेत, चढवताहेत. ट्यूनरचा पडदा जवळून.]

आता हीच मांडणी लहान प्रमाणात. इथे १५ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि गिटार त्याच्यापासून ६० सेंटिमीटरवर. सहाही तारा एकाच स्वरात, डीमध्ये लावायच्या. रीडने १९६४ मध्ये एका स्वस्त नाचगाण्याच्या तबकडीसाठी गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वरात लावल्या होत्या, हा त्याचाच धडा. सहावी तार दोन सेमिटोन (सप्तकाच्या बारा पायऱ्यांपैकी दोन) खाली, पाचवी सात खाली, चौथी आहे तशी, तिसरी पाच खाली, दुसरी तीन वर, पहिली दोन खाली. तीन सप्तकांत दोन-दोन डी मिळतात: साधारण ७३, १४७ आणि २९४ हर्ट्झ.

इथे दोन ठिकाणी फसतं. पाचवी तार सात सेमिटोन उतरवली की लोंबते आणि पट्ट्यांवर आपटून फडफडते. तिच्या जागी सहावीच्याच जाडीची, ०.०४६ इंचाची तार टाकायची. तिसरीचीही तीच रड. तिथे चौथीच्या जाडीची, ०.०२६ची. दुसरी तार वर चढवताना सावकाश, कारण तुटायची असली तर तीच तुटेल.

[दृश्य: अ‍ॅम्प्लिफायरचं बटण. आवाज चढतो. किंकाळीसारखी शीळ. एक तळवा तारांवर.]

बटण वर नेलं की पहिल्यांदा बहुतेक वेळा ही शीळ मिळते. हा तो आवाज नव्हे. तारांवर तळवा ठेवला तरी शीळ चालूच आहे, म्हणजे तारांचा तिच्याशी संबंध नाही. पिकअपच्या गुंडाळीतली तांब्याची बारीक तारच आत सैल आहे आणि तीच थरथरतेय. उपाय म्हणजे गुंडाळी वितळलेल्या मेणात बुडवून काढणे. मेण आतपर्यंत जातं, गोठतं आणि गुंडाळी घट्ट बसते. मेण फार तापलं तर प्लॅस्टिकचा साचा वाकडा होतो, म्हणून भांडं थेट आचेवर नाही, गरम पाण्यात ठेवायचं.

एका गुंडाळीच्या पिकअपमध्ये विजेची घुंघुंही येते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, न्यूयॉर्कमध्ये ६०ची. गिटार उभ्या-आडव्या दिशेला थोडी फिरवली की घुंघुं बसते. या आवाजात अ‍ॅम्प्लिफायरसमोर उभं राहायचं तर कानात बोळे हवेतच. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं धरतात, म्हणजे या अल्बमची एक बाजूही नाही. आणि हो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

[दृश्य: मेण लावलेला पिकअप बसवलेली तीच गिटार. बाजूला संगणकाच्या पडद्यावर आडव्या उजळ रेघा.]

आता ऐका. पडद्यावरची एकेक रेघ म्हणजे एकेक स्वर. सगळ्यात खाली ७३ची रेघ. तिच्या दुपटीला १४७, तिपटीला २२०, मग २९४, आणि ही पाचवी, ३६७ची. डीला षड्ज धरलं तर तिपटीचा पंचम येतो आणि पाचपटीचा गंधार. सगळ्या तारा षड्जात लावल्या आहेत, गंधार कुणीच छेडलेला नाही. तरी तो खोलीत आहे.

[दृश्य: स्टँड हळूहळू मागे सरकतो. खाली मोजपट्टी. पाचवी रेघ मंद होते, शेजारची उजळते.]

गिटार सुमारे ४७ सेंटिमीटर मागे घेतली आणि गंधार विरला. ३६७ हर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत साधारण ९४ सेंटिमीटर असते. त्याच्या अर्ध्याने अंतर वाढलं की स्पीकरचा आवाज तारेपर्यंत उलट्या पावली पोचतो. आधार द्यायचा तो अडवायला लागतो. मग ज्या स्वराला हे अंतर मानवतं तो डोकं वर काढतो. खोलीच्या भिंतींवरूनही आवाज परततो, म्हणून मोजपट्टी थोडी इकडेतिकडे होणारच. म्हणजे गिटार कुठे ठेवायची हाच इथे वाजवण्याचा प्रकार. 'यंत्र सोडून दिलं आणि माणूस चहा प्यायला गेला' म्हणणाऱ्यांनी ही मांडणी एकदा हाताने करून बघावी.

[दृश्य: टेप रेकॉर्डरची फिरणारी रिळं. वेगाचं बटण बदलतं.]

हा झाला कच्चा माल. पुढचं काम टेपवर. अल्बमसाठी ऊहेर कंपनीचा तीन वेगांचा रेकॉर्डर वापरला होता. सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरने भरलेली टेप १९ने वाजवली की सगळं एक सप्तक वर जातं आणि निम्म्या वेळात संपतं. महत्त्वाचं पुढेच आहे. स्वरातला कंपही दुप्पट वेगाने होतो. संथ हेलकावा होता, त्याची किलबिल होते. अल्बममध्ये पाखरांचा थवा उडाल्यासारखं जे वाटतं त्यामागची मुख्य युक्ती ही. असे थर एकमेकांवर चढवायचे. डाव्या स्पीकरला एक, उजव्याला दुसरंच. शेवटचं मास्टरिंग, म्हणजे तबकडी कोरण्याआधीची आवाजाची जुळणी, बॉब लुडविगचं, म्हणजे त्या कामातल्या नावाजलेल्या कानांचं.

[दृश्य: मिरज. सतारमेकर गल्लीतलं एक दुकान. भिंतीला टांगलेले भोपळे. कारागिराच्या हातात कानस, खाली तंबोऱ्याची घोडी.]

आता थेट मिरज, आणि तीही उगाच नाही.

तंबोऱ्याची घोडी दिसायला सपाट, पण कानशीने तिला अगदी किंचित उतार दिलेला असतो. तार तिच्यावर टेकत नाही, घासून जाते. उतार जास्त झाला तर तार ठणठणीत, कोरडी बोलते. कमी झाला तर नुसती फरफर. मधली जागा सापडली की तार उघडते. मग तारेखाली हा सुती दोरा. केसभर पुढे, केसभर मागे. ही जवारी. दोरा सरकतो तसे तारेतले वरचे स्वर एकेक करून उजळतात.

[आवाज: खर्जाची तार एकटीच, चार वेळा. निवेदन थांबतं.]

खर्ज छेडला. गंधार ऐकू आला? गाणारी माणसं ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच, खर्जाच्या तारेतला पाचपटीचा स्वर. गिटारसमोरच्या पडद्यावर जी पाचवी रेघ होती, तीच ही. तिथे तो अंतराने उजळला, इथे दोऱ्याने.

[दृश्य: मिरजेच्या दर्ग्याचं आवार, संध्याकाळ.]

हा धागा न्यूयॉर्कपर्यंत कसा जातो? रीडने मिरजेचा तंबोरा ऐकला असा दावा इथे नाही. पण अल्बमच्या कव्हरवरच्या मजकुरात अमेरिकन संगीतकार ला मॉन्ट यंगच्या अखंड, स्थिर स्वरांच्या संगीताचा उल्लेख आहे. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला यंग, मारियान झझीला, टोनी कॉनराड आणि जॉन केल तासन् तास एकच स्वरसमूह धरून बसत. व्हायोला वाजवणारा केल तिथून निघाला आणि रीडबरोबर त्याने व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा रॉक बँड उभा केला. यंग १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँचे शागीर्द. आणि त्याच घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. ते या दर्ग्यात विसावले आहेत.

[दृश्य: रिकामी खोली, दोन स्पीकर, एक खुर्ची. जमिनीवर खडूने काढलेला त्रिकोण.]

आता ऐकण्याची मांडणी. मोबाईलचा स्पीकर बाद. त्याला खालचे स्वर पेलत नाहीत, उरते ती फक्त किरकिर, आणि बहुतेकांचं या अल्बमबद्दलचं मत त्या किरकिरीवरच बनलेलं असतं. कमी बिटरेटची, म्हणजे फार दाबून लहान केलेली एमपीथ्रीही नको. दाट आवाजात ती बारीक स्वर गाळून टाकते. दोन स्पीकर एकमेकांपासून दोन मीटरवर, खुर्ची दोघांपासून तेवढीच लांब. आवाज ७५ डेसिबलच्या आसपास. जास्त मोठा केला की कान थकतो आणि थकलेला कान सगळ्याला गोंगाटच म्हणतो.

पहिली बाजू लावा आणि बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे. चार मिनिटं. मग पूर्ण उजवीकडे, चार मिनिटं. मग मधोमध. एकेक बाजू सुटी ऐकली, की दोन्ही एकत्र आल्यावर कान कशाला धरायचं ते आपणच ठरवतो.

[दृश्य: खुर्चीत बसलेल्या माणसाची मान, जवळून. किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे.]

मान पाच-सहा सेंटिमीटर हलवून बघा. ३००० हर्ट्झच्या स्वराची लहर जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरची, त्यामुळे तेवढ्या हालचालीनेही एखादा स्वर बुडतो आणि दुसरा वर येतो. रेडिओच्या दोन स्टेशनांमधल्या खरखरीत असं होत नाही. तिथे सगळे स्वर सारखेच सांडलेले असतात, कान धरेल असं काहीच नसतं.

तबकडीवर ऐकणाऱ्यांसाठी अजून एक. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या कडेला जेमतेम २१. वरच्या स्वरांची कोरीव वळणं तिथे दाटीने बसतात आणि झिजलेली सुई ती चुकवते. बाजूच्या शेवटच्या तीन मिनिटांत आवाज फाटायला लागला तर आधी सुई तपासा, मग रीडला शिव्या द्या. आणि चारही बाजू एका बैठकीत ऐकायलाच हव्यात असं काही नाही. एक बाजू नीट ऐकली तरी पुष्कळ झालं.

[दृश्य: बर्लिनमधल्या सभागृहाचं जुनं छायाचित्र. मग स्वरलिपीचं एक पान, काळ्या रेघांनी भरलेलं.]

२००२ मध्ये उल्रिख क्रीगरने हे संगीत स्वरलिपीत उतरवलं आणि बर्लिनमध्ये झाइटक्रात्सर या वाद्यवृंदाने व्हायोलिन, चेलो, अ‍ॅकॉर्डियन, ट्यूबा असल्या वाद्यांवर ते वाजवलं. शेवटी रीड स्वतः गिटार घेऊन बसला. परत आलेल्या तबकडीचं हे असं झालं.

[दृश्य: पुन्हा टर्नटेबल. शेवटची खाच. १.८ सेकंद. १.८ सेकंद.]

सुई उचलताना बोट लावू नका. खाच गोल फिरून स्वतःलाच मिळते, आवाज चालूच आहे. हात हलला तर सुई आडवी घसरते आणि नेमकी हीच खाच खरवडते. शेजारचा लिव्हर वापरा.

[दृश्य: लिव्हर वर. आवाज तुटतो. खोलीतला पंखा ऐकू येतो. दहा सेकंद तसंच.]