मोठा रंग उशीला, गप्प रंग भिंतीला

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुमच्याशी एका उशीबद्दल बोलणार आहे. झोपायची उशी नव्हे, सोफ्यावर पाठीशी घ्यायची ती चौकोनी, 16 इंच बाय 16 इंच. दुकानात तिला कुशन म्हणतात. म्हणोत बापडे, आपण उशीच म्हणू.

घराला रंग द्यायचा म्हटलं की आपण काय करतो? आधी भिंती, मग सोफा, मग पडदे, आणि हे सगळं होऊन चार पैसे उरले तर उशा. मग ती नक्षीची उशी घरी येते आणि तिचं कशाशीच जमत नाही. जमणार कसं? रंगाच्या शेडकार्डावर रंग शेकड्यांनी असतात, उशीच्या नक्षीत असतात तीन किंवा चार. जिथे निवडीला वाव कमी, ते आधी ठरवावं. आपण साडीवर ब्लाउज शोधतो, ब्लाउज हातात घेऊन साडी शोधायला कोणी निघत नाही. म्हणजे हल्ली निघतात, माझी भाचीच निघते, पण तो वेगळा विषय.

तेव्हा उशी आधी, भिंत नंतर. एवढं लक्षात ठेवा. उशी आधी, भिंत नंतर.

आता खरी मेख पुढे आहे. उशीत चार रंग आहेत, त्यातला भिंतीला कुठला द्यायचा? याचं उत्तर मला एका रंगाऱ्याने शिकवलं, आणि त्याआधी मी घरात जो घोळ घातला तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आमच्या सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत एक खण होता, म्हणजे चोळीचं कापड. गुळेदगुड्डचा. बागलकोट जिल्ह्यातलं हे गाव, इरकली लुगड्यांचं इळकलही त्याच जिल्ह्यातलं. पूर्वी इरकली लुगडं आणि त्यावर खणाची चोळी हे आपल्याकडे ठरलेलंच होतं. तर सासूबाईंच्या डोहाळजेवणात आलेला तो खण त्यांनी कधी शिवलाच नव्हता. त्रिकोणी घडी होती तशी पेटीत होती, घडीच्या रेघेवर रंग जरा उतरलेला. जमीन डाळिंबी, तिच्यावर बारीक बुट्टे, आणि दोन्ही कडांना शेवाळी काठ.

मी म्हटलं, "आई, हा मी घेऊ?"

त्या म्हणाल्या, "घे की. तुझाच आहे."

उशी शिवणार आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. ही माझी पहिली चूक. पुढची बाजू खणाची, मागची साध्या मांजरपाटाची, मध्ये चेन. शिंप्याने सुरेख शिवून दिली. घरी आणून सोफ्यावर ठेवली आणि मी तिच्या प्रेमातच पडले. दिवाळीच्या आधी हॉलला रंग द्यायचाच होता. मी रंगारीमामांना बोलावलं आणि म्हटलं, "मामा, या उशीसारखा डाळिंबी, समोरच्या अख्ख्या भिंतीला."

मामा म्हणाले, "मी काय, तुम्ही म्हणाल तो मारतो."

ही दुसरी चूक. त्यांच्या आवाजातच कळायला हवं होतं.

दोन हात बसले. भिंत वाळली. संध्याकाळी आम्ही दिवे लावले. आमच्या हॉलमध्ये तेव्हा त्या पांढऱ्याफटक एलईडी पट्ट्या होत्या. नवरा दारात उभा राहिला, चप्पल काढायची विसरला, आणि म्हणाला, "कलिंगडाच्या फोडीत आल्यासारखं वाटतंय." मी रागावले. म्हटलं, उद्या उजेडात बघ. उजेडात बघितलं. उजेडातही कलिंगडच.

दुसऱ्या दिवशी नणंद आली. सोफ्यासमोर उभी राहून, त्या उशीकडे तोंड करून मला विचारते, "वहिनी, ती खणाची उशी केलीयस म्हणे, कुठंय गं?"

श्रोतेहो, उशी तिच्या समोर होती. दोन फुटांवर. डाळिंबी भिंतीने तिला गिळून टाकलं होतं. जिच्यासाठी भिंत रंगवली तीच दिसेना.

परत मामा. या वेळी त्यांनी शेडकार्ड पिशवीतून बाहेर काढलंच नाही. म्हणाले, "ताई, ती उशी द्या हिकडं." मी पुढे केली तर हात मागे घेतला. हाताला लांबीचा, म्हणजे भिंतीच्या पुट्टीचा, पांढरा थर होता. मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, मी दिलेला टॉवेल नको म्हणाले, सदऱ्याला हात पुसले, आणि उशी घेऊन खिडकीत गेले. चेन उघडली. आतली उशी काढून बाजूला ठेवली आणि अभ्रा चक्क उलटा केला.

"ह्या बाजूनं बघा," म्हणाले.

मी बघितलं. आत शिलाईच्या कडेला दोनचार दोरे सुटलेले होते. मामांनी त्यातला एक नखाने अलगद वेगळा केला. तो तांबडा होता. दुसरा, आडवा, वेगळा केला. तो काळा! म्हणजे मी ज्याला डाळिंबी डाळिंबी म्हणत होते तो एक रंग नव्हताच. उभा धागा तांबडा, आडवा धागा काळा, आणि दोघं मिळून लांबून डाळिंबी. म्हणून तर खण जरा हलवला की कधी तांबूस मारतो, कधी वांगी. आपण ज्याला धूपछाव म्हणतो ते हेच.

मामा म्हणाले, "ताई, हा रंग डब्यात मिळत न्हाई. दोऱ्यात मिळतो. भिंत काय हलती का?"

मी गप्प. मग त्यांनी अभ्रा सुलटा केला आणि बारीक बुट्ट्यावर बोट ठेवलं. तो दोरा मूळचा पांढरा असावा. पन्नासेक वर्षं पेटीत राहून त्याचा श्रीखंडी झाला होता. सगळ्या खणात सगळ्यात कमी जागा त्या रंगाला. ठिपक्याठिपक्याने आलेला, एरवी कोणाच्या डोळ्यांत न भरणारा.

"हा भिंतीला द्या," मामा म्हणाले. "मोठा हाय तो उशीलाच राहू द्या."

तांबडा झाकायला तीन हात लागले. आधी प्रायमर, तरी कोपऱ्यातून आठवडाभर गुलाबी डोकावत होता. पैसे किती गेले ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, तुम्हाला कुठे सांगू! पण श्रीखंडी भिंत पुरी झाली, उशी परत सोफ्यावर ठेवली, आणि खोलीत दिवा लावल्यासारखी ती उठून दिसायला लागली. नणंदेने फोटो काढून नेला.

तर पुन्हा सांगते. मोठा रंग उशीला, गप्प रंग भिंतीला.

मामांनी जे नखाने दाखवलं ते एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी अभ्यासून मांडलं होतं. मिशेल शेव्रल त्याचं नाव. 1824 पासून तो पॅरिसमधल्या गोबेलँ या राजेशाही विणकामाच्या कारखान्यात रंगणीचा प्रमुख होता. तिथे तक्रार आली, की तुमचा काळा रंग नीट बसत नाही, विणकामात तो फिकट, मेलेला दिसतो. शेव्रलने दोरा तपासला. रंगात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे दोरे विणले होते, त्यांच्यामुळे काळा तसा दिसत होता. कुठलाही रंग एकटा दिसत नाही, शेजारी त्याला बदलतात, हे त्याने 1839 मध्ये सविस्तर मांडलं. हा माणूस पुढे 102 वर्षं जगला. आमचे मामाही सत्तरीत शिडीवर चढतात, तेव्हा रंगाच्या धंद्यात काहीतरी असावं.

आता फर्निचर. भिंत सुटली की हे सोपं आहे. उशीतला जो गडद रंग काठाला असतो, तो सोफ्याला. आमचा शेवाळी होता, म्हणून सोफ्याला जाड सुती शेवाळी कापड, एकरंगी. नक्षी अजिबात नको. आणि कृपा करून त्यावर प्लास्टिक घालू नका. आपल्याकडे सोफा पाहुण्यांसाठी घेतात, पाहुणे आले की प्लास्टिकवर बसवतात, आणि उन्हाळ्यात ते उठताना चर्रर आवाज होतो. मग तो सोफा नक्की कोणासाठी घेतला? असो.

लाकडाचं म्हणाल तर सागवानी दिवाण, वेताची खुर्ची, हे खणाबरोबर छान नांदतात, कारण लाकूड स्वतःचा रंग मध्ये आणत नाही. फरशी मात्र विसरू नका. नव्या फ्लॅटमध्ये ती दोन फुटी पांढरट व्हिट्रिफाइड असते आणि खोलीतला सगळ्यात मोठा सलग रंग तोच. भिंतीचा श्रीखंडी निवडताना शेडकार्ड फरशीवर टेकवून बघा.

एका सोफ्यावर तीन उशा असतील तर नक्षी एकीवरच बारीक असू द्या. दुसरीवर रुंद पट्टे, तिसरी साधी. दिवाणावर सोलापुरी चादर असेल तर तिची नक्षी स्वतःच ठळक असते. तिच्यासमोर खण ठेवला की दोघी एकाच वेळी बोलायला लागतात. मी चादर बेडरूममध्ये नेली. आणि अभ्रा 16 इंची असेल तर आतली उशी 18 इंची घ्या, नाहीतर चारही कोपरे रिकाम्या पिशवीसारखे लोंबतात.

उजेडाचं सांगायचं राहिलं. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 6500 म्हणजे तो पांढराफटक, निळसर मारणारा. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, उबदार. 4000 मधला. तांबड्या-पिवळ्या कुळातल्या खणाला 6500 म्हणजे शिक्षा आहे. माझ्या मते घरातल्या कुठल्याच खोलीला तो दिवा नको, त्याखाली पोळीसुद्धा आजारी दिसते. भिंतीवर रंगाचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा मारा, दोन वेगवेगळ्या भिंतींवर, आणि सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून बघा. शेडकार्डावरचा इटुकला चौकोन मोठ्या भिंतीवर बहुधा अधिक भडक वाटतो, हे डाळिंबीने मला शिकवलंच.

आणि दुकानात गेलात की रंगाची नावं आपली सांगा. अंजिरी, अबोली, मोतिया, बदामी, कोनफळी, चिंतामणी, गुलबक्षी. साडीच्या दुकानातला माणूस "आनंदी दाखव रे" म्हटलं की नेमका गठ्ठा खाली ओढतो. आणि रंगाच्या दुकानात आपण बेज की ऑफ व्हाइट यावर अर्धा तास वाद घालतो. दोघांच्याही डोळ्यांसमोर वेगळाच रंग असतो. बदामी म्हणा, बदाम सगळ्यांनी पाहिलाय.

सासूबाईंचं विचाराल तर दिवाळीला त्या आल्या. सोफ्यावर बसल्या, पाठीशी काहीतरी लागलं म्हणून मागे हात घातला आणि उशी पुढे घेतली. बराच वेळ बघत होत्या. बोटाने काठ चाचपला. मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले.

"अगं," त्या म्हणाल्या, "खण ओटीत घेतात. पाठीशी नाही."

आणि उशी त्यांनी मांडीवर घेतली. आता त्या जेव्हा येतात तेव्हा हेच. गेल्या खेपेला मी शेवाळी, साधी उशी पुढे केली, ती त्यांनी न बघता पाठीमागे सारली, खणाची मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "चहा कर गं."

चहाचा कप मी जरा लांबच ठेवला.

नमस्कार.